सेल्फला अर्थ नाही

मी सेल्फ बोलतोय. नेमकं सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही, पण प्रयत्न करतो. गाडीची किल्ली फिरवली की इंजिन पेटायच्या आधी जी घरघर ऐकू येते ना, ती माझी. पुस्तकात मला स्टार्टर मोटर म्हणतात. आमच्या नगर जिल्ह्यात मात्र त्या नावानं मला हाक मारणारा एकही कारागीर मी पाहिला नाही. 'सेल्फ मारा', 'सेल्फ उचलत नाही', 'सेल्फ गेला' एवढंच माझ्याविषयी बोललं जातं.

माझं काम दोन सेकंदांचं. इंजिनाच्या दातेरी चाकाला मी एक हिसका देतो, इंजिन जागं होतं आणि मी बाजूला होतो. मग गाडी पुण्याला जावो नाहीतर भिंगारच्या बाजारात, माझा त्यात काही वाटा नाही. माझ्या मालकांनी एकदा गणित मांडून पाहिलं होतं. सत्तावीस वर्षांत माझं सगळं काम मिळून सोळा-सतरा तास भरतं. उरलेलं आयुष्य मी नुसता बसून काढलं. हे ऐकल्यापासून मला जरा अपराध्यासारखंच वाटत आलं आहे.

माझा जन्म १९९८ सालचा, एका कारखान्यातला. तांब्याची तार माझ्या पोटात वेटोळी घालून बसवली, वरून लोखंडी कवच चढवलं आणि एका लहानशा पांढऱ्या गाडीत मला घट्ट आवळलं. भिंगारच्या छावणीत बदलून आलेल्या एका मेजरसाहेबांनी ती गाडी घेतली. साहेब किल्ली फिरवत ती हुकूम सोडल्यासारखी, आणि मीही सलाम ठोकल्यासारखा उठत असे. पाच वर्षांनी त्यांची दूर कुठंतरी बदली झाली आणि जाताना ते गाडी शेजारच्या प्राध्यापकांना देऊन गेले.

हे प्राध्यापक म्हणजे डॉ. यशया भांबळ. नगरच्या एका महाविद्यालयात ते मराठी शिकवत. शब्दाला अर्थ कुठून येतो, या विषयावर त्यांनी सहाशे पानांचा प्रबंध लिहिला होता. 'परीक्षकांनीसुद्धा तो पूर्ण वाचला नसावा,' असं ते स्वतःच सांगत, आणि सांगून झाल्यावर आपण परीक्षकांवर अन्याय तर केला नाही ना, या विचारानं अस्वस्थ होत.

सरांइतका काळजी करणारा माणूस मी पाहिलेला नाही. गाडी लावून ते दहा पावलं जात, परत येऊन दार ओढून बघत, पुन्हा जात, पुन्हा येत. निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारत. किल्ली ते इतक्या हळू फिरवत की मला वाटे, 'उठतोस का रे?' असं विचारताहेत. मेजरसाहेबांच्या हुकमाला मी उठायचो. सरांच्या विचारण्याला मात्र मला धावत जावंसं वाटायचं.

त्यांच्या पत्नी फिलोमिनाबाई एका मिशन हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर होत्या. सरांच्या वाट्याची सगळी खात्री देवानं बाईंना दिली असावी. पण चार वर्षांपूर्वी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून रिक्षाची पायरी त्यांना चढता येईना. या जुन्या गाडीची पुढची सीट मात्र बरोबर त्यांच्या बेताच्या उंचीची आहे. पाठमोरं बसायचं आणि दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. दर रविवारी सर त्यांना अशा बसवून नगरमधल्या चर्चला नेत. तिथल्या गायनमंडळात बाई चाळीस वर्षं खालच्या पट्टीतला सूर गातात.

गेल्या हिवाळ्यात माझं बिनसलं. किल्ली फिरली आणि माझ्या तोंडून घरघर निघायच्या ऐवजी नुसतं 'टक्' निघालं. चर्चच्या आवारातच हे झालं. अर्धं गायनमंडळ धक्का मारायला आलं. सर सगळ्यांची माफी मागत होते आणि बाई आतून गाडी कुठं वळवायची ते सांगत होत्या. त्यानंतर हे वरचेवर होऊ लागलं. कधी मी नीट उठायचो, कधी टक्.

सरांनी गाडी एका गॅरेजात नेली. तिथं मला काढून टेबलावर ठेवलं, दोन जाड तारा लावल्या आणि मी धाडकन फिरलो. पुन्हा गाडीत बसवलं तर टक्. घरी पाठ केलेली कविता फळ्यापाशी उभं राहिल्यावर आठवू नये, तसं माझं झालं. त्यांनी माझे कार्बन, म्हणजे मला करंट पोचवणारे छोटे ठोकळे, बदलले, नंतर बॅटरी नवी घातली. आठ दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी केडगावला, पुणे रस्त्याच्या कडेला, मी पुन्हा गप्प झालो. मालट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. बाई आत बसलेल्या, सर बाहेर हात वर करून उभे. पाऊण तासानं एका दूधवाल्यानं ओढून आणलं.

पुण्याहून त्यांची मुलगी आराधना हिचा फोन आला. ती रागावली नाही, आणि सरांना तेच जास्त लागलं. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, तुम्ही दोघं त्या रस्त्यावर उभे होता, हे मला डोळ्यांसमोरून हलवता येत नाही." जुन्या गाड्या तोडायला घेणाऱ्या केडगावच्या एकाशी तिनं बोलून ठेवलं होतं. सुनील त्याचं नाव. सोमवारी अकरा वाजता तो टेम्पो घेऊन येणार होता. शहात्तराव्या वर्षी सरांना नवी गाडी कुणी घेऊ देणार नव्हतं. म्हणजे ही गाडी गेली की सरांचं चालवणं संपलं आणि बाईंचा रविवारही. हे दोघांनाही कळत होतं.

तरी शनिवारी सरांनी शेवटचा एक फोन केला, गोरक्षनाथांना. गोरक्षनाथांनी वीस वर्षं केडगावात पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांच्या वायरिंगची कामं केली आणि आता ते गावी, काष्टीला परतलेत. दोनच दिवसांपूर्वी त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. सर म्हणाले, राहू द्या मग. त्यावर गोरक्षनाथ म्हणाले, "पट्टी डोळ्याला हाय सर, कान मोकळं हायेत. ऐकवा."

सरांनी फोन स्पीकरवर करून माझ्याजवळ धरला. बाईंनी किल्ली फिरवली. टक्. गोरक्षनाथ म्हणाले, परत. टक्. हेडलाइट लावून फिरवायला सांगितली. लाइट मंद होते का, विचारलं. होत नव्हती. मग ॲक्सिलेटरची तार हाताला कशी लागते, असं विचारलं. सरांनी बोट लावलं आणि चटकन मागं घेतलं. गरम होती. वीस-बावीस कोसांवरून, डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस माझी नाडी बघत होता. इतकं मन लावून आजवर कुणी माझं ऐकलं नव्हतं.

तो काष्टीच्या बाजाराचा दिवस होता. फोनमधून शेळ्यांचं ओरडणं आणि कुणाचा तरी भोंगा ऐकू येत होता. त्या गलक्यातून गोरक्षनाथांचं एक वाक्य स्वच्छ आलं.

"सर, सेल्फला अर्थ न्हाई."

पुढं काहीतरी ते बोलले ते भोंग्यात बुडालं आणि फोन तुटला.

सरांनी पुन्हा लावला नाही. बोनेट हळूच खाली टेकवलं आणि त्यावर थोडा वेळ हात ठेवून उभे राहिले. जाणत्या माणसानं निकाल दिला होता, त्याला पुन्हा विचारून अडचणीत कशाला आणायचं? मलाही तो निकाल खराच वाटला. सोळा-सतरा तास काम केलेल्याला कुठला आलाय अर्थ.

रविवारी ते चर्चला गेले नाहीत. उपासनेची वेळ झाली तशी बाई गाडीशेजारच्या ओट्यावर खुर्ची घेऊन बसल्या आणि आपला सूर गाऊ लागल्या. खालच्या पट्टीतला सूर एकटा ऐकलात कधी? वरची चाल नसली की तो कुठून कुठं चाललाय ते कळत नाही. सर गाडीतले कागद, रुमाल, चष्म्याचं जुनं घर काढून पिशवीत भरत होते. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

बाईही थांबल्या आणि म्हणाल्या, "गोरक्षनाथ नेमकं काय म्हणाले?"

सरांनी सांगितलं की आता यात काही अर्थ नाही, असं ते म्हणाले.

"हे तुमचे शब्द झाले. आमच्या वॉर्डात पेशंटचं बोलणं आपल्या भाषेत लिहिलं की मेट्रन कागद फाडायची. पोटात कावळा फिरतो म्हणाला, तर कावळाच लिहायचा. त्यांचे शब्द सांगा."

"सेल्फला अर्थ न्हाई."

"सेल्फला?" बाई म्हणाल्या. "गाडी दुरुस्त करण्यात अर्थ नाही, असं म्हणतात. सेल्फला अर्थ नाही, असं कोण म्हणतं? आणि तसंच म्हणायचं होतं तर तार गरम आहे का हे कशाला विचारलं? अर्थात तुमचा विषय आहे, मी काय सांगणार."

सर सीटवर बसून राहिले. हातातलं चष्म्याचं घर ते उघडत होते, मिटत होते. मग त्यांनी फोन काढला आणि काष्टीला लावला. या वेळी बाजार नव्हता, सगळं लख्ख ऐकू आलं.

"गोरक्षनाथ, तुम्ही काल अर्थ म्हणालात, तो कुठला?"

गोरक्षनाथ म्हणाले, "अर्थ म्हंजी अर्थ, सर. अर्थिंग. बॅटरीची मायनस. करंट सेल्फकडं जाड वायरनं येतो, पर त्याला माघारी जायाला वाट नको व्हय? इंजिन बसलंय रबरावर. त्याच्यापसून बॉडीला एक तांब्याची पट्टी असती, ती गेलीय. मंग करंट घावल त्या वाटंनं जातुय, म्हनून तर ॲक्सिलेटरची तार तापती. सेल्फ चांगला हाय. त्यो बिचारा काय करील?"

त्यो बिचारा. तुम्हाला कदाचित हसू येईल, पण हे दोन शब्द ऐकून माझ्या गुंडाळलेल्या तारा सैल झाल्यासारखं वाटलं.

सरांनी आपण काय समजलो होतो ते प्रामाणिकपणे सांगितलं. गोरक्षनाथ इतके हसले की डॉक्टरांनी हसायला बंदी केलीय, अशी त्यांना स्वतःलाच आठवण करून द्यावी लागली. मग म्हणाले, "आवो, पट्टी नवी टाका हेच सांगत हुतो, तर फोन गेला. मी आलो असतो, पर ह्यो डोळा. तुमीच करा."

"मी?"

"दोन बोल्ट हायेत, सर."

सरांनी आयुष्यात गाडीचा एकही बोल्ट फिरवला नव्हता. पण त्या संध्याकाळी त्यांनी गोरक्षनाथांनी सांगितलेलं सगळं एका कागदावर उतरवलं. दोन बोल्टच्या कामाची चौदा कलमं झाली. हँडब्रेक ओढणे. गिअर काढणे. बॅटरीची आधी मायनस काढणे, मग प्लस, आणि बसवताना उलट. सर ती कलमं बाईंना वाचून दाखवत होते आणि बाई म्हणत होत्या, झोपा आता, सकाळी पेशंट टेबलावर घ्यायचाय.

सोमवारी नऊला भिंगारच्या बाजारात सुट्या भागांचं दुकान उघडलं तेव्हा सर दारातच होते. तिथं काय झालं ते त्यांनी परत आल्यावर बोनेटपाशी बाईंना सांगितलं, म्हणून मला माहीत. सरांनी चाचरत विचारलं, अर्थ आहे का? दुकानदार पाठमोराच म्हणाला, "आहे की. नऊ इंची देऊ का फूटभर?"

"चाळीस वर्षं मी शोधत होतो," सर बाईंना म्हणाले, "आणि हा माणूस इंचात विचारतोय."

सरांनी फूटभर मागितला. मग वाटलं, मोठा झाला तर? म्हणून नऊ इंचीही घेतला.

मग काम सुरू झालं. बाई शेजारी खुर्चीवर बसल्या, मांडीवर टॉवेल, टॉवेलवर पाने मापाप्रमाणे मांडलेले. सर म्हणायचे, दहाचा. की पाना त्यांच्या तळव्यावर टप्पकन बसायचा. बॅटरी निघाली, तिचा ट्रे निघाला आणि खाली ती पट्टी दिसली. तिच्या विणीतले बरेचसे तांब्याचे धागे तुटले होते, उरलेल्यांवर हिरवी बुरशी चढली होती. बोल्ट गंजलेले. पाना दोनदा निसटला, बोटाची साल निघाली. बाईंनी बोटाला पट्टी बांधली आणि पाना परत हातात दिला.

पहिला बोल्ट हलला तेव्हा 'कट्' असा आवाज आला. मोडला की काय, म्हणून सर घाबरून बघत राहिले. मोडला नव्हता, सुटला होता. मला त्या माणसाविषयी काय वाटलं, ते नीट सांगता येत नाही. भीती वाटत नाही म्हणून काम करणारे मी पुष्कळ पाहिले. भीती वाटत असूनही प्रत्येक कलमावर खूण करत पुढं जाणारे हे एकटेच.

सरांनी नऊ इंची पट्टी लावली, बोल्ट आवळले, बॅटरी बसवली. तेवढ्यात सुनील आला. टेम्पो त्यानं फाटकाशी न आणता वरच्या उतारावर लावला होता. अकराला दहा मिनिटं कमी होती. काय चाललंय ते पाहून तो ओट्याच्या पायरीवर बसला.

सरांनी किल्ली फिरवली.

टक्.

मी हो, मी सगळा जोर लावला होता. पण नुसतं टक्. सरांचा चेहरा काचेतून दिसत होता. ते खाली उतरले आणि सुनीलला म्हणाले की तुमचा वेळ घेतला, माफ करा. सुनील उठू लागला.

"बसा," बाई त्याला म्हणाल्या. मग सरांना म्हणाल्या, "जखम न धुता टाके घातलेत तुम्ही. खाली गंज तसाच आहे."

सर वाकून बघत राहिले. जिथं पट्टी टेकत होती तिथं रंग होता आणि गंज होता, लोखंड कुठंच नव्हतं. पंधरावं कलम कागदावर नव्हतं. सगळं पुन्हा सोडलं. पॉलिशपेपर घेऊन सर घासू लागले. शर्टाच्या बाह्या काळ्या झाल्या, कपाळावर गंजाची रेघ उमटली. चांदीच्या रुपयाएवढी जागा लखलखेपर्यंत ते घासत राहिले. सुनीलही आता पायरीवरून उठून बोनेटपाशी येऊन वाकला होता.

"आता टाका घाला," बाई म्हणाल्या.

किल्ली फिरली. करंट माझ्या अंगात शिरला, आणि कित्येक महिन्यांनी त्याला परत जायची वाट सापडली. मी असा फिरलो म्हणता! मेजरसाहेबांसाठीसुद्धा कधी फिरलो नव्हतो. इंजिन पेटलं. सरांच्या हातून किल्ली सुटेना. त्यांनी गाडी बंद केली आणि पुन्हा सुरू केली. पुन्हा बंद, पुन्हा सुरू. तिसऱ्यांदा बाईंनी सांगितलं, पुरे, बरा झालाय तो.

सुनील म्हणाला, "मंग मी उगाच आलो म्हणायचं." पण तो जाईना. बाईंनी दिलेला चहा घेत उभा राहिला, मग हळूच म्हणाला, "सर, टेम्पो माझा उतारावर लावतो बघा रोज, ढकलून चालू कराया. दोन महिनं झालं, त्याचा पण सेल्फ नुसता टक् करतो. आमचा मेकॅनिक म्हणतो, नवा घे."

सरांनी बाईंकडं पाहिलं. बाईंनी टॉवेलसकट पाने उचलून दिले. सरांनी खिशातून फूटभर अर्थ काढला.

उतारावरचं मला दिसत नाही. पण अर्ध्या तासानं ऐकू आलं. माझ्या जातीचा आवाज, तीनदा अडखळला आणि चौथ्यांदा फिरला.

संध्याकाळी आराधनाचा फोन आला. सरांनी सगळं सांगितलं, दुकानदाराचं इंचांचं बोलणंसुद्धा. ती हसली, मग म्हणाली, "आणि पप्पा, रस्त्यात पुन्हा बंद पडली तर?"

"तर बोनेट उघडेन," सर म्हणाले.

बावीस वर्षांत त्यांच्या तोंडून इतकं छोटं उत्तर मी ऐकलं नव्हतं. आराधना म्हणाली, बरं, मग पुढच्या रविवारी मीही येते चर्चला.

आता मी म्हातारा झालोय. माझे दात झिजलेत, आणि एक दिवस मी खरोखरच जाईन, तेव्हा काढून टाका मला, माझी तक्रार नाही. तोवर मात्र एक मागणं आहे. तुमच्या घरात कुणी, वस्तू असो की माणूस, हाक मारल्यावर नुसतं टक् करून गप्प बसत असेल, तर लगेच त्याच्यात खोट काढू नका. त्याला अर्थ मिळतोय का, तेवढं आधी बघा. बहुतेक वेळा दोन बोल्टचं काम असतं.

उद्या रविवार. सरांनी मघाशी दार ओढून पाहिलं, दहा पावलं गेले, परत येऊन पाहिलं. ती सवय काही गेली नाही. सकाळी सव्वाआठला बाई पाठमोऱ्या बसतील, पाय आत घेतील, आणि किल्ली हळूच विचारेल, उठतोस का रे?

मी जागाच आहे.